एका राजपत्राचे धनी

राजे पत्रे लिहीत असत असे आपण म्हणतो; पण बहुधा ते पत्रे लिहवून घेत असत. चिटणिसाने मजकूर उतरावा, वाचून दाखवावा आणि राजाने खाली सही करावी, ही युरोपातील दरबारांची सर्वसाधारण रीत होती. स्पेनच्या राजाला तर नाव घालण्याचेही कारण पडत नसे. 'मी, राजा' या अर्थाचे शब्द त्याला पुरत. पोर्तुगालचा राजा नुसते 'राजा' असे लिही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने अखेरच्या वर्षांत सहीचा ठसाच करवून घेतला होता. कारकुनाने ठसा कागदावर दाबायचा आणि उमटलेल्या खुणेवरून शाई फिरवायची. फ्रान्सच्या दरबारी तर राजाच्या हाताची हुबेहूब नक्कल करणारा खास चिटणीस असे. चौदाव्या लुईच्या 'स्वहस्ते' लिहिलेल्या कित्येक पत्रांत हात तूसँ रोझ नावाच्या गृहस्थाचा आहे. आपल्याकडे सहीचे माहात्म्य एवढेही नव्हते. मराठी राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटे, अखेरीस मोर्तब होई, आणि कागद खरा ठरे.

राजाच्या हाताची ओढ हा पाश्चात्त्य संग्राहकांचा जुना छंद आहे, आणि त्या छंदाला स्वतःचा बाजार आहे. त्या बाजारात मजकूर चिटणिसाचा व सही राजाची असे पत्र एका मोलाचे. मजकूर आणि सही दोन्ही राजाच्याच हातची असतील तर मोल कितीतरी पटींनी अधिक. पत्रात काय म्हटले आहे, ते कोणाला लिहिले, त्यातले काम झाले की नाही, हे प्रश्न पुष्कळदा मागून येतात. काही जुन्या संग्राहकांना तर ते पडतच नसत. त्यांनी पत्राच्या तळाची सही तेवढी कात्रीने कापून वहीत डकवली आणि उरलेला कागद टाकून दिला. राजाचे नाव राहिले, राजाचे बोलणे गेले.

आम्ही येथे एकाच राजपत्राची हकीकत सांगणार आहोत. ते एका राणीने लिहिले, पहाटेच्या अंधारात लिहिले आणि स्वतःच्या हाताने लिहिले, कारण हाताशी चिटणीस उरला नव्हता.

स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट १५६८ च्या मे महिन्यात आश्रयासाठी इंग्लंडात आली आणि जवळजवळ एकोणीस वर्षे तेथे कैदेत राहिली. क्लोद नो आणि गिल्बर्ट कर्ल हे तिचे दोन चिटणीस १५८६ च्या ऑगस्टमध्ये पकडले गेले. त्यांच्याबरोबर तिचे सारे कागदही जप्त झाले. पुढे फॉदरिंगेच्या किल्ल्यात तिची चौकशी झाली. १ फेब्रुवारी १५८७ रोजी एलिझाबेथने मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली. ७ तारखेच्या संध्याकाळी मेरीला सांगण्यात आले, की उद्या सकाळी आठ वाजता शिरच्छेद होईल.

त्या रात्री दोनच्या सुमारास ती फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याला पत्र लिहावयास बसली. हेन्री तिचा दीर. तिचा पहिला पती दुसरा फ्रान्सिस हा त्याचा थोरला भाऊ. त्या नात्याने मेरी काही काळ फ्रान्सचीही राणी होती. पत्र फ्रेंचमध्ये आहे आणि त्याचा मजकूर असा, की आपले कागद परत द्यावेत म्हणजे मृत्युपत्र करता येईल आणि मरणोत्तर आपला देह फ्रान्सला न्यावा, अशी विनंती तिने केली होती. ती मान्य झाली नाही. आपल्यावर मरणाची पाळी येण्याची कारणे दोनच आहेत, एक कॅथलिक श्रद्धा आणि दुसरे इंग्लंडच्या सिंहासनावरचा ईश्वरदत्त हक्क. मात्र श्रद्धेसाठी मरते आहे असे उच्चारण्याची तिला मुभा नाही. तिचे धर्मगुरू त्याच इमारतीत आहेत, पण पापनिवेदन ऐकावयास व अखेरचा संस्कार देण्यास त्यांना तिच्याकडे येऊ दिले जात नाही. उलट राणीने प्रॉटेस्टंट पाळकाचे सांत्वन घ्यावे म्हणून आग्रह चालला आहे.

एवढे सांगून ती व्यवहाराकडे वळते, आणि पत्राचा हा भाग आम्हांला फार मोलाचा वाटतो. नोकरांचे पगार थकले आहेत, ते हेन्रीने चुकते करावेत. एकेकाळी फ्रान्सची राणी असलेली ही स्त्री सर्व मालमत्तेला मुकून कॅथलिक म्हणून मरते आहे, तिच्यासाठी प्रार्थना करवाव्यात. मुलाची शिफारस ती करते, पण तो जेवढा पात्र ठरेल तेवढीच. हा मुलगा म्हणजे पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेला पहिला जेम्स. आईने त्याला ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही. शेवटी आजारपणावर गुणकारी अशी दोन मौल्यवान रत्ने ती भेट म्हणून पाठवते. बुधवार, मध्यरात्रीनंतर दोन वाजता, एवढी वेळेची नोंद ती करते आणि 'मारी आर.' अशी सही ठोकते. त्यातले 'आर' हे अक्षर राणीपदाचे. सहा तासांनी तिचा वध झाला. इंग्लंडात तो दिवस ८ फेब्रुवारीचा होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग ज्या देशांनी स्वीकारले होते, त्यांच्या लेखी १८ फेब्रुवारीचा.

पत्र लिहून झाल्यावर ते बंद करावयाचे होते. त्या काळी लिफाफे नव्हते. कागदाची घडी हाच लिफाफा. मेरीने पत्राच्याच कडेची एक बारीक पट्टी कापली, पत्राची घडी घातली, घडीला चिरा पाडल्या आणि ती पट्टी सुईदोऱ्यासारखी त्यांतून पुन्हा पुन्हा ओवून घेतली. पट्टी तोडल्याविना असे पत्र उघडत नाही, आणि तोडली की कोणी तरी उघडले हे लपत नाही. हे कुलूप संशोधकांनी २०२१ मध्ये सविस्तर उलगडून दाखवले. विशेष हे, की १५७३ मध्ये याच हेन्रीला, तो राजपुत्र असताना, एलिझाबेथने लिहिलेले पत्रही अशाच कुलपाने बंद केलेले आहे. मारणारी आणि मरणारी या दोघींचे हात निदान या एका कसबात सारखे होते. आता विचार करावा, की सही कापून वहीत डकवणाऱ्या संग्राहकाच्या हाती हे पत्र लागले असते, तर कडेची ती चीर कोणी जपली असती?

मेरीचा वैद्य बूर्ग्वाँ व इतर सेवक यांनी हे पत्र पोहोचवावयाचे होते. पण त्यांना पुढे कित्येक महिने पहाऱ्यात ठेवण्यात आले. जुलैच्या अखेरीस राणीची शवपेटी पीटरबरोच्या कॅथीड्रलमध्ये नेण्यात आली. फ्रान्सला नेण्याची इच्छा कागदावरच राहिली. १६१२ मध्ये जेम्सने आईचा देह लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये हलवला. हेन्रीने १५८७ च्या मार्चमध्येच पॅरिसच्या नोत्र दाममध्ये तिच्यासाठी मिस्सा करविला होता. दोन वर्षांनी, १५८९ च्या ऑगस्टमध्ये, त्याचाही खून झाला.

राजाच्या नावे आलेले हे पत्र पुढे पॅरिसच्या स्कॉट्स कॉलेजच्या दप्तरात होते. या कॉलेजाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. स्कॉटलंडात धर्मक्रांती झाल्यावर ग्लासगोचे आर्चबिशप जेम्स बिटन १५६० मध्ये आपल्या धर्मप्रांताची जुनी कागदपत्रे घेऊन पॅरिसला गेले. तेथे ते मेरीचे वकील म्हणून राहिले आणि १६०३ मध्ये वारले. त्यांच्या कागदांचा मोठा वाटा कॉलेजला मिळाला. पुढे फादर थॉमस इनेस यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे दप्तर लावले. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मायदेशी ज्यांच्या श्रद्धेला बंदी, अशा परागंदा मंडळींनी परक्या नगरात आपल्या राणीचे कागद दोनशे वर्षे सांभाळले. यात संग्राहकाचा छंद नव्हता. हे कागद त्यांचा पुरावा होते, आणि एक प्रकारे त्यांचा मायदेशही.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. कॉलेज उधळले गेले आणि दप्तर विखुरले. इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सच्या हस्ताक्षरातील आठवणी येथेच होत्या. त्या त्या धामधुमीत नष्ट झाल्या, त्या कायमच्या. एका छताखाली नीट लावून ठेवलेले दप्तर सुरक्षित असते असे आपण गृहीत धरतो, पण एकत्र ठेवलेले एकत्रच बुडते हेही खरे. खुद्द रोममध्ये तेच झाले. नेपोलियनने व्हॅटिकनचे दप्तर पॅरिसला नेले. त्याच्या पाडावानंतर ते परत आणण्याची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा खर्च झेपेना, आणि कागदांचा मोठा भाग पॅरिसमध्येच रद्दीच्या भावाने विकला गेला. आठव्या हेन्रीने ॲन बुलीनला स्वहस्ते लिहिलेली सतरा प्रेमपत्रे मात्र पॅरिसची वारी करून व्हॅटिकन ग्रंथालयात सुखरूप परतली. ज्या विवाहासाठी हेन्रीने रोमशी फारकत घेतली, त्या विवाहाची प्रेमपत्रे रोमच्या कपाटात असावीत, याला काय म्हणावे!

राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसच्या रस्त्यांवर कागदांची अशी लूट चालली असताना रशियाच्या वकिलातीतला प्योत्र दुब्रोव्स्की नावाचा अधिकारी मिळेल ते गोळा करीत होता. सँ-जेर्मँ-दे-प्रे या मठातील हस्तलिखिते, बास्तीय तुरुंगाचे कागद, फ्रान्सच्या राजांची पत्रे, मेरी स्टुअर्टची पत्रे, असे सारे त्याने पीटर्सबर्गला नेले. १८०५ मध्ये हा संग्रह तेथील शाही ग्रंथालयात दाखल झाला. मेरीची प्रार्थनापोथीही तेथेच आहे. हे संरक्षण होते की लूट? आमच्या मते दोन्ही. जे उचलले गेले ते उरले, आणि जे जागेवर राहिले त्यातले पुष्कळ जळाले. इतिहासाला अशा माणसांचे ऋण मान्य करावे लागते, त्यांचे हात पुरते स्वच्छ नसले तरी.

एकोणिसावे शतक हा राजपत्रांच्या संग्राहकांचा सुवर्णकाळ. त्यात दोन वृत्तीची माणसे दिसतात. अलेक्सांद्र लाबानोफ या रशियन सरदाराला मेरीच्या पत्रांनी झपाटले होते. त्याने युरोपभरची दप्तरे धुंडाळली, पत्रांच्या नकला केल्या, तारखा लावल्या आणि १८४४ मध्ये ती सात खंडांत छापली. त्याला हवे होते ते मेरीचे सबंध बोलणे. कागद कोणाच्या मालकीचा हा प्रश्न त्याने दुय्यम मानला. आपले राजवाडे वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरे शोधत हिंडले, त्यामागची तळमळ याच जातीची.

दुसऱ्या वृत्तीची शोकांतिका, खरे म्हणजे प्रहसन, पॅरिसमध्येच घडले. मिशेल शाल हे थोर गणिती. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सभासद. त्यांना थोरामोठ्यांच्या हस्ताक्षरांचा नाद होता. व्रँ-दनी ल्युका नावाच्या इसमाने १८६० च्या दशकात त्यांना सत्तावीस हजारांहून अधिक पत्रे विकली आणि सुमारे एक लक्ष चाळीस हजार फ्रँक उकळले. त्यांत सम्राट अलेक्झांडरचे पत्र होते, राणी क्लिओपात्राचे सीझरला लिहिलेले पत्र होते, आणि पवित्र शास्त्राच्या वाचकांनी सावरून बसावे, मारिया माग्दालेना, लाझरस आणि यहूदा इस्कार्योत यांचीही होती. ही सारी मंडळी फ्रेंचमध्ये लिहीत होती! जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून ल्युका त्यांवर लिही आणि कागद पिवळा पाडी. गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी पास्कालने लावला असे दाखविणारी पत्रे शाल महाशयांनी १८६७ मध्ये अकादमीपुढे ठेवली, वाद पेटला, आणि अखेर १८७० मध्ये ल्युकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. एवढा बुद्धिमान माणूस फसला कसा? त्याने एकेक पत्र पाहिले, एकेक नाव पाहिले. हे पत्र कोठून आले, त्याच्या शेजारी दप्तरात दुसरे कोणते होते, ते इतकी शतके कोणी सांभाळले, हे त्याने नेटाने विचारले नाही. एडिंबरोतही १८९३ मध्ये अलेक्झांडर हाउलंड स्मिथ याला बनावट हस्ताक्षरांच्या आरोपावरून वर्षाची कैद झाली. बर्न्स आणि स्कॉट यांच्याबरोबर त्याने मेरी राणीचीही पत्रे तयार केली होती.

मेरीच्या बाबतीत बनावट पत्रांचा प्रश्न कौतुकाचा नाही. तिचे आयुष्य, आणि पुढे तिचे मरण, पत्रांच्या खरेखोटेपणावर टांगले होते. १५६७ मध्ये तिच्या शत्रूंनी चांदीच्या एका डबीतून आठ पत्रे काढली. ती मेरीने बॉथवेलला लिहिली असून पतीच्या खुनातील तिचा हात त्यांवरून सिद्ध होतो, असे त्यांचे म्हणणे होते. या पत्रांवर सही नव्हती. १५६८ मध्ये ती इंग्लंडात चौकशीमंडळापुढे ठेवली गेली. १५८४ नंतर मूळ पत्रांचा मागमूस नाही. राहिल्या त्या नकला आणि भाषांतरे, आणि त्यांवर चारशे वर्षे चाललेला वाद. जी डबी तीच म्हणून परंपरेने ओळखली जाते, ती २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अठरा लक्ष पौंडांना विकत घेतली. डबी उरली, आतले कागद गेले.

पुढे १५८६ मध्ये चार्टली येथे कैदेत असताना मेरीची गुप्त पत्रे बिअरच्या पिपातून आत-बाहेर जात. ही वाट तिला गुप्त वाटे. वास्तविक ती एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्याच माणसांनी मांडलेली होती. प्रत्येक पत्र उघडले जाई, थॉमस फेलिप्स त्याची सांकेतिक लिपी सोडवी, आणि पत्र पुन्हा बंद होऊन पुढे जाई. अँथनी बॅबिंग्टनला लिहिलेल्या १७ जुलैच्या पत्राच्या नकलेवर त्याने फासाचे चित्र काढले. शिवाय कटातील सहा तरुणांची नावे कळवावीत, अशी ओळ त्याच लिपीत खाली जोडून दिली. ती मेरीची नव्हे. मूळ पत्र बॅबिंग्टनने जाळले. राज्यसत्ता हीसुद्धा राजपत्रांची संग्राहक असते, आणि तिच्या संग्रहात भर घालणारे हात असतात, हे येथे ध्यानात ठेवावे. खुद्द एलिझाबेथने सही केलेल्या मृत्युदंडाच्या हुकमाचेही तेच. शिरच्छेद झाल्यावर, आपण तो पाठवण्यास सांगितले नव्हते असे म्हणून तिने चिटणीस डेव्हिसनला टॉवरमध्ये टाकले. सही राणीची, तिच्या परिणामाची जबाबदारी मात्र चिटणिसाची! तो मूळ हुकूम आज उपलब्ध नाही. त्याची नक्कल लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात आहे.

या पार्श्वभूमीवर फॉदरिंगेच्या शेवटच्या पत्राचे मोल समजते. येथे चिटणीस नाही, सांकेतिक लिपी नाही, मध्ये कोणी उघडून ओळ घातलेली नाही. हात तिचा, कुलूप तिचे.

स्कॉट्स कॉलेजातून सुटलेले हे पत्र पुढे आल्फ्रेड मॉरिसन यांच्या संग्रहात आले. वडिलांनी कापडाच्या व्यापारात अमाप पैसा मिळविला होता. मुलाने तो फाँटहिलच्या आपल्या घरी बसून हस्ताक्षरांत घातला. मॉरिसन हे केवळ सह्यांचे शौकीन नव्हते. १८८३ पासून त्यांनी संग्रहाची मोठी सूची छापविली आणि पत्रांचे मजकूर अभ्यासकांना उपलब्ध करून दिले. श्रीमंताच्या छंदाला अशी शिस्त क्वचितच लाभते. १८९७ मध्ये ते वारले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात संग्रह विकावयास निघाला. त्या वेळी काही मंडळींनी वर्गणी काढून मेरीचे हे पत्र घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला अर्पण केले. युद्धात माणसे मरत असताना एका जुन्या कागदासाठी वर्गणी काढावी, हे कोणाला विचित्र वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. १९२५ मध्ये स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय कायद्याने स्थापन झाले. पत्र आता एडिंबरोत त्या ग्रंथालयात आहे आणि लोकांसमोर क्वचितच येते. उजेडाने शाई फिकटते.

एक पत्र असे हातोहात फिरून घरी आले. पण ज्यांना कोणी धनीच नव्हता, अशा पत्रांचीही एक गोष्ट अलीकडे घडली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांकेतिक लिपीतील कागदांचा एक गठ्ठा 'सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इटलीविषयक कागद' अशा नोंदीखाली पडून होता. जॉर्ज लास्री हे संगणकतज्ज्ञ, नॉर्बर्ट बीअरमन हे संगीताचे प्राध्यापक आणि सातोशी तोमोकियो हे जपानी अभ्यासक, अशा तिघांनी ती लिपी सोडविली. भाषा फ्रेंच निघाली, इटालियन नव्हे. लिहिणारी व्यक्ती स्त्री आहे, कैदेत आहे आणि तिला एक मुलगा आहे, हे हळूहळू उमगले. वॉल्सिंगहॅमचे नाव आले तेव्हा शंका उरली नाही. ही मेरीची १५७८ ते १५८४ या काळातील सत्तावन्न पत्रे होती, बहुतेक फ्रेंच वकील कास्तेल्नो याला लिहिलेली, आणि त्यांपैकी सुमारे पन्नास इतिहासकारांना ठाऊकच नव्हती. २०२३ च्या फेब्रुवारीत, शिरच्छेदाच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, हा शोध प्रसिद्ध झाला. या कागदांवर राणीची ठळक सही असती, तर कोणा दलालाने एकेक पान वेगळे काढून विकले असते. नाव नव्हते म्हणून गठ्ठा अभंग राहिला, आणि गठ्ठा अभंग राहिला म्हणूनच लिपी सुटली. एकट्यादुकट्या पानावरून ती सुटणे कठीण होते.

गठ्ठ्याचे हे महत्त्व आपल्याला गोव्यात पाहावयास मिळते, आणि तेथे जाण्याची वाटही मेरीच्याच एका पत्रातून जाते. आपला मुलगा कॅथलिक न झाला तर इंग्लंडच्या गादीवरील आपला हक्क स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला द्यावा, असे तिने १५८६ च्या मे महिन्यात स्पेनचा वकील मेंदोसा याला कळविले होते. तो फिलिप १५८० पासून पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे मेरीचा शिरच्छेद झाला त्या वर्षी गोव्यावर आणि आपल्या वसईवर त्याच राजाचा अंमल चालू होता. कागदाचे वेड त्याच्याएवढे क्वचितच कोणा राजाला असेल. चिटणिसांचे कागद तो स्वतः वाची आणि समासात स्वतःच्या हाताने शेरे लिही. १५८८ मध्ये इंग्लंडवर पाठविलेले त्याचे आरमार उद्ध्वस्त झाले. त्याच वर्षी त्याने सिमांकासच्या दप्तरखान्यासाठी नियम घालून दिले. त्याच्याच कारकिर्दीत १५९५ मध्ये गोव्याचे दप्तर स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दु कूतू हे त्याचे पहिले रक्षक झाले.

लिस्बनहून व्हाइसरॉयना येणारी राजपत्रे पावसाळी वाऱ्यांच्या हंगामात जहाजांनी येत. समुद्राचा भरवसा नसे. म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या जहाजांवर घालीत आणि प्रतीवर पहिली वाट, दुसरी वाट अशी नोंद करीत. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोहोचावे. गोव्यात ही पत्रे, व्हाइसरॉयच्या उत्तरांच्या नकलांसह, एकत्र बांधली गेली. हेच मान्सूनचे ग्रंथ. राजाने काय विचारले, येथून काय कळविले, पुढच्या वर्षी राजाने त्यावर काय म्हटले, हे सारे एकापुढे एक वाचता येते. किल्ल्यांची डागडुजी, सैनिकांचे थकलेले पगार, चर्च आणि मठांची भांडणे, गलबतांची लाकडे, असे साधे विषय त्यांत येतात. वसई, चौल, दमण यांची नावे येतात. सहीच्या बाजारात असल्या पत्राचे फार कौतुक होणार नाही. आमच्या दृष्टीने वसईच्या किल्ल्यातील सैनिकाचा पगार हा राजाच्या सहीहून अधिक बोलका आहे, जसे मेरीच्या पत्रात तिच्या नोकरांचे पगार.

या ग्रंथांवरही वियोग आलाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी बासष्ट खंड राजाज्ञेने लिस्बनला नेण्यात आले. ते तेथील तोर्रे दो तोम्बो या दप्तरखान्यात आहेत. गोव्यात तरीही चारशेहून अधिक खंड उरले. १८५७ पासून कुन्या रिव्हारा यांनी गोव्याचे कागद छापावयास आरंभ केला. त्यांच्या मालिकेचा पहिलाच भाग पोर्तुगालच्या राजांनी गोव्याच्या नगरसभेला लिहिलेल्या पत्रांचा आहे. विसाव्या शतकात पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी या दप्तरात आयुष्य घातले. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये मराठीत आला, तेव्हा लिस्बनच्या राजांना आणि त्यांच्या व्हाइसरॉयना शिवाजी-संभाजींविषयी काय वाटत होते हे मराठी वाचकाला प्रथमच मूळ कागदांच्या आधारे सविस्तर वाचावयास मिळाले.

गोव्याच्या ओलसर हवेत हे ग्रंथ चार शतके राहिले आहेत. मायफळ आणि लोहाच्या क्षारापासून केलेली त्या काळची शाई कागद खाते. काही पानांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके पडतात. राजाच्या सहीवर शाईचा हात जड असतो, त्यामुळे कित्येकदा आधी सहीच गळून पडते आणि मजकूर मागे राहतो.